पाच पुऱ्या, एकशे चौदा ताटं

दिनांक २ मार्च १९७५, रविवार, सकाळी दहाचा सुमार. रक्कम एक्कावन्न रुपये, वर बिरादरीला एक जेवण. हजर: पाच पंच, बिरादरीचे तेवीस पुरुष आणि मी. जागा महादेवाच्या देवळाचा ओटा. गाव आमचंच, झरीपासून सायकलवर पाऊण तास.

माणसं मी तिथंच मोजली होती. आमच्या बिरादरीची गावात तेहतीस घरं. पाच, तेवीस आणि एक मिळून एकोणतीस. चार घरांतून कुणी आलं नव्हतं. ते चौघं का आले नव्हते हे मला ठाऊक होतं, कारण पंधरा दिवसांपूर्वी ते माझ्याच पंगतीत बसून जेवले होते.

पंगत शाळेतल्या एका गुरुजींच्या घरची होती. गुरुजी बौद्ध, मूळचे चुडाव्याकडचे. छप्पन साली त्यांच्या वडिलांनी धर्म बदलला तेव्हा ते शाळकरी होते. मी सोसायटीचा सचिव; महिनाअखेरीला शाळेच्या सुकडीचा हिशेब जुळेना की ते माझ्याकडे येत आणि आम्ही दोघं मिळून तो जुळवत असू. त्यांनी शाळेमागे दोन खोल्यांचं घर बांधलं. राहायला गेले त्या दिवशी वंदना झाली, मग जेवण. मला बोलावलं होतं, मी गेलो आणि जेवलो.

थोरले पंच माझ्या आईचे चुलतभाऊ, म्हणून मी त्यांना मामा म्हणे. निजामाच्या काळात उर्दू शाळेत गेलेले असल्यामुळे ते दंडाला जुर्माना आणि सहीला दस्तखत म्हणत. ओट्यावर त्यांनी मला उभं करून विचारलं,

"तिथं खाल्लं का?"

"खाल्लं."

"काय खाल्लं?"

"पाच पुऱ्या, वांग्याची भाजी आणि शिरा दोनदा."

"दोनदा?" दुसरे एक पंच म्हणाले. एकदाच घेतला असता तर त्यांना इतकं वाईट वाटलं नसतं.

मग ओट्यावर चर्चा सुरू झाली. एका म्हाताऱ्याने सांगितलं, तळलेल्याला विटाळ नसतो, तेव्हा पुऱ्या सोडून द्या. दुसरा म्हणाला, "भाजीचं काय मंग? भाजीत पानी असतंय." तिसऱ्याने मला विचारलं, "शिरा दुधातला व्हता का पान्यातला?"

"निम्मं दूध, निम्मं पाणी असावं. चव तशी होती."

"मंग निम्मा जुर्माना लावावा का?"

हे मामांना सहन झालं नाही. ते उठून उभे राहिले. "आजपासून ह्याचं बंद. एक्कावन्न रुपये जुर्माना, बिरादरीला जेवन, आन् चूक झाली म्हनून देवाम्होरं नाक घासायचं. तवर बंद."

"मामा, काय काय बंद?"

"बंद म्हंजे बंद. बंद घरचं पानी जो पिईल त्याचंबी बंद."

"लिहून द्या. कलमवार."

"लिहून कामून? उद्या कागद घेऊन फौजदाराकडं जाशील."

म्हणून लिहून मिळालं नाही. पुढचा सगळा घोटाळा त्यातून झाला, असं माझं मत आहे.

आमच्या घराला काय झालं आहे, ह्याला गावात एक शब्द नव्हता. म्हातारे 'हुक्का-पाणी बंद' म्हणत. गावात हुक्का मी जन्मात पाहिला नाही. सगळे बिडी ओढणारे. पंच नुसतं 'बंद' म्हणत, जसं दुकान बंद. आई 'वाळीत' म्हणे, आणि म्हणताना पदर तोंडाला लावी. विहिरीवरच्या बाया 'ते बाहेर हायत' असं सांगत, तेव्हा आम्ही घरातच असू. पोरं 'कट्टी' म्हणत. तालुक्याला माझ्या साहेबांच्या कानावर गेलं तेव्हा ते 'बहिष्कार' म्हणाले. तो शब्द मला इतका मोठा वाटला की मी घरी सांगितला नाही.

जितके शब्द तितके नियम. त्याच आठवड्यात मी दाढीला बसलो तर न्हावी वस्तरा हातात धरून थांबला.

"मालक, एक इचारू का? तुमी बंद हाव का बाहेर हाव?"

"फरक काय?"

"बंदच्या मानसाची दाढी चालती, डोस्कं न्हाई. बाहेरच्याचं दोनी न्हाई."

"आणि वाळीत?"

"वाळीत म्हंजे उधारी न्हाई."

मी रोख देऊन दाढी केली. डोकं दोन महिने तसंच राहिलं.

चक्कीवाल्याने आमचं दळण सगळ्यात शेवटी दळायचं ठरवलं. मी त्याला दाखवून दिलं की जात्यात मागं राहिलेलं आमचं पीठ उद्या पहिल्या गिऱ्हाइकाच्या पिठात जाणार. तो विचारात पडला आणि दुसऱ्या दिवसापासून आमचं सगळ्यात आधी दळू लागला. मग मी म्हणालो, आता ते उद्यापर्यंतसुद्धा थांबणार नाही, लगेच दुसऱ्याच्या पिठात जाईल. तो म्हणाला, "तुमी हिशेब बंद करा, मी चक्की बंद करतो." पण आमचा नंबर पहिलाच राहिला. एरवी तासभर थांबावं लागे.

शेजारच्या चुलतीला विरजण लागे ते रोज आमच्याकडूनच. ती मधल्या भिंतीवर वाटी ठेवी आणि भिंतीला म्हणे, "भिंतीबाई, माझं दही लागना गेलंय वं." आई आत बसून भिंतीलाच उत्तर देई, "भिंतीबाई, वाटी हितंच ऱ्हाऊ दे म्हनावं." मग दोघी भिंतीजवळ अर्धा-अर्धा तास सुनांविषयी बोलत. बंद नव्हतं तेव्हा त्यांचं एवढं बोलणं होत नसे. माझ्याबरोबर जेवलेल्या चौघांपैकी एक म्हणजे ह्याच चुलतीचा नवरा. तो मात्र मला पाहिलं की रस्ता बदले. सगळ्यात कडक बंद त्या चौघांनी पाळला.

एका रविवारी दुपारी गुरुजी आले. अंगणात सायकल धरून उभे राहिले.

"माझ्यामुळं झालं."

"तुमच्यामुळं नाही. पुऱ्यांमुळं."

"मी पंचांना सांगतो, तुम्ही नुसते येऊन बसला होता."

"पाच खाल्ल्या आहेत, गुरुजी."

ते हसले आणि सायकल झाडाला टेकवली. "तुम्हाला आत यायला एक्कावन्न रुपये. चांगलं आहे, रक्कम ठरलेली आहे. माझ्या आज्याला कुणी रक्कम सांगितलीच नाही. वाळीत टाकलं म्हणायला माणूस आधी आत असावा लागतो. आमच्यासाठी तेवढाही शब्द वापरावा लागला नाही कुणाला."

तेवढ्यात आई चहा घेऊन बाहेर आली. गुरुजींना आमच्या घरात चहा ह्याआधी कधी दिलेला नव्हता. हिशेबाच्या दिवशी आम्ही सोसायटीत बसत असू, आणि ते सोयीचं आहे असंच मी स्वतःला सांगत असे. आईने रोजच्याच कपबशीत चहा दिला. ते गेल्यावर मी तिच्याकडे पाहिलं तर म्हणाली, "आता कुनाला भ्यायचं? बंदच हाय की."

इथवर सगळं हसण्यावारी नेता येत होतं. एप्रिलमध्ये राणीसावरगावहून पत्र आलं आणि हसणं थांबलं.

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न तिथं ठरलं होतं, १८ मे ह्या तारखेला. ती एकोणीस वर्षांची. मुलगा तिला पसंत होता. घरात ते कुणी बोलून दाखवलं नसलं तरी तिने उशांच्या अभ्र्यांवर दोन मोर भरले होते आणि तिसरा भरत होती. पत्रात मुलाच्या चुलत्याने लिहिलं होतं: आपल्याविषयी बिरादरीत काही ऐकण्यात आलं आहे. हळदीच्या आत निकाल व्हावा. न झाल्यास सोयरीक झाली नाही असं समजावं.

बहिणीने पत्र दोनदा वाचलं. "दादा, किती पुऱ्या खाल्ल्या हे सांगायचं काय अडलं व्हतं?"

"विचारलं होतं त्यांनी."

"काय खाल्लं इचारलं व्हतं. किती, हे न्हाई. आन् सांगायचंच तर दोन म्हनायच्या."

"दोन म्हटल्यावर बंद झालं नसतं का?"

"झालं असतं. पर मला इतका राग आला नसता."

एक्कावन्न रुपये मी मार्चमध्येच एका पाकिटात बाजूला काढून ठेवले होते. अडचण त्यांची नव्हती. अडचण 'चूक झाली' एवढ्या दोन शब्दांची होती. ते म्हटले की गुरुजींच्या घरी जेवणं ही चूक ठरली, आणि मला रोज शाळेवरून जावं लागे. पण बहिणीचा तिसरा मोर मला दिसत होता. १० मे रोजी देवळात जाऊन नाक घासायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं. ते ठरवलं होतं हे इथे लिहून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते माझ्या हिमतीने झालेलं नाही.

आता भांड्यांविषयी सांगायला हवं. लग्नकार्याला लागणारी भांडी आमच्या बिरादरीने वर्गणी काढून घेतली होती आणि ती वडिलांच्या वेळेपासून आमच्या घरी ठेवलेली होती, कारण आमच्या मागच्या खोलीला कुलूप होतं. हंडे चार, कढया तीन, पराती सहा, पितळी ताटं एकशे चौदा. ताटं मुळात एकशे वीस. सहा गेली तेव्हा मामांनी नियम केला: नेणाऱ्याने उभं राहून, मोठ्याने मोजून घ्यायचं आणि वहीत सही करायची; त्याशिवाय भांडं हलवायचं नाही. बिरादरीतले दंडही ह्याच भांड्यांच्या खात्यात जमा व्हायचे. कल्हईचा खर्च त्यातून भागे. वही आणि खातं दोन्ही माझ्याकडे.

४ मे रोजी खुद्द मामांच्या मुलीचं लग्न होतं.

पंच पुन्हा ओट्यावर बसले. ह्या वेळी मी हजर नव्हतो. चुलतीने भिंतीला सांगितलं ते आईने ऐकलं. प्रश्न असा होता की आमच्याबरोबर भांडीही वाळीत गेली का. गेली असतील तर ह्या मोसमातली नऊ लग्नं केळीच्या पानांवर करावी लागतील, आणि हंडे कुठून आणायचे? गेली नसतील तर आणायला आमच्या घरात कुणी जायचं? शेवटी तीन ठराव झाले. भांडी बिरादरीची असल्यामुळे ती बंद नाहीत. अंगण म्हणजे घर नव्हे. आणि आकडे मोठ्याने म्हणणं हे बोलणं नव्हे.

२ मेच्या दुपारी मामा, दुसरे एक पंच आणि एक भाड्याचा गाडीवान बैलगाडी घेऊन आमच्या अंगणात आले. ऊन असं की कोंबड्याही गाडीखाली जाऊन बसल्या. मी ओसरीवर बसलो होतो. मामा अंगणातल्या लिंबाकडे तोंड करून उभे राहिले.

"लिंबाच्या झाडा, लगीनघर हाय. भांडी लागायलेत."

मीही झाडालाच म्हणालो, "झाडा, नियम मामांचाच आहे. मोजायचं आणि सही करायची."

"झाडा, वही हिकडं टाक म्हनावं."

"झाडाला हात नाहीत."

गाडीवान तोंडावर उपरणं घेऊन हसू लागला. मामांनी त्याच्याकडे रागाने पाहिलं आणि मोजायला सुरुवात केली. मी दहा-दहा ताटं आणून ओसरीच्या कडेला ठेवी, दुसरे पंच ती उचलून गाडीत रचत, आणि मामा झाडाकडे बघत एकेक आकडा म्हणत. बासष्टला त्यांच्या आणि माझ्या मोजणीत एकाचा फरक आला. त्यांनी झाडाला विचारलं, "एकसष्ट का बासष्ट?" मी झाडाला म्हणालो, "पुन्हा पहिल्यापासून." सगळी ताटं उतरवली. मामांचं वय तेव्हा पासष्टच्या पुढे असेल. दुसऱ्या खेपेला ऐंशीनंतर त्यांचा आवाज बसत गेला. सत्त्याण्णवला तो आलाच नाही. नुसते ओठ हलले.

तेवढ्यात बहीण घरातून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि मामांपुढे धरला.

मामांनी तो घेतला. मान वर करून, न थांबता, सगळा रिकामा केला. मिशा पुसल्या आणि म्हणाले, "आनखी आन ग बाई."

बैलाच्या गळ्यातली घंटी तेवढी वाजली.

"तुमी पानी पिलाव," दुसरे पंच हळूच म्हणाले.

"पिलो."

"ह्यांच्या घरचं."

"अंगनातलं पिलो. अंगन म्हंजे घर न्हाई."

"अंगन न्हाई. पर रांजन घरात हाय."

मामांनी तांब्याकडे पाहिलं, तो कुणीतरी त्यांच्या हातात दुरून फेकला असावा तसं. बंद घरचं पाणी जो पिईल त्याचंही बंद, हे त्यांनीच ओट्यावर सांगितलेलं होतं. दोन दिवसांवर मुलीचं लग्न, आणि बंद माणसाच्या घरी बिरादरी जेवणार नाही.

"मंग एकशे चौदा ताटं कशाला न्यायलाव?" गाडीवान म्हणाला. "दोन बास की. नवऱ्याला एक आन् नवरीला एक."

"तू गप बस रं!"

मामा तिथंच लिंबाखाली टेकले. बहीण दुसरा तांब्या घेऊन उभीच होती. बराच वेळ त्यांनी तिच्याकडे पाहिलं. नंतर, दोन महिन्यांत पहिल्यांदाच, माझ्याकडे वळून म्हणाले, "तुजं बंद आज सकाळीच उठलंय."

"कुणी उठवलं?"

"म्या."

"कुठं?"

"मनात."

"मनात उठवलेलं वहीत कसं लिहू?"

"लिही म्हनतोय ना! दोन मे, सकाळ. पानी प्यायच्या आधी."

दुसऱ्या पंचांनी मान हलवली. मी वही उघडली. "जुर्माना?"

"सव्वा रुपया."

"जेवण?"

"भाचीच्या लग्नात जेवूच की. तेच धर."

"आणि चूक झाली म्हणायचं?"

मामांनी दुसरा तांब्या घेतला. "ती तर आता माजीबी झाली. कुनी कुनाला म्हनायची?"

मी तेवढ्यावर थांबायला हवं होतं, पण नंतर वाद नको म्हणून सांगून टाकलं, "गुरुजींना हिच्या लग्नाची पत्रिका दिली आहे. ते पंगतीत बसतील."

मामांनी पाण्याचा घोट गिळला. "हे मला सांगू नगस," ते म्हणाले. "झाडाला सांग."

मी लिंबाच्या झाडाकडे तोंड करून तेच वाक्य पुन्हा म्हटलं. झाडाने हरकत घेतली नाही. मामांनी उरलेली सतरा ताटं मोजली आणि उर्दूत सही केली. राणीसावरगावला मी त्याच संध्याकाळी पत्र टाकलं.

बहिणीला विचारलं, पाणी मुद्दाम नेलंस का. ती अभ्र्यावर टाका घालत म्हणाली, "मामाला तहान लागली व्हती."

"आणि?"

"आन् काय? सत्त्याण्णववर अडकलेला मानूस दिसंना का मला?"

१८ मेला लग्न लागलं. गुरुजी आले, पांढरा धुतलेला शर्ट, हातात स्टीलचा डबा आहेराला. मी त्यांना पहिल्या पंगतीत बसवलं. समोरच्या ओळीत पाचही पंच होते. गुरुजी बसले तसे ते पाचजण एकदम उठले, आपापलं ताट उचललं, गर्रकन वळले आणि भिंतीकडे तोंड करून पुन्हा बसले. पाहिलं नाही म्हणजे झालं नाही, असा त्यांचा ठराव असावा. वाढप्यांची पंचाईत झाली. भिंत आणि पंच ह्यांच्यात हातभर जागा, तिच्यातून तिरकं चालत ते वरण वाढत होते. एकाने मामांच्या टोपीवर कढी सांडली. मामा न वळता म्हणाले, "वाढ, वाढ, कायबी झालं न्हाई." गुरुजींबरोबर जेवलेले ते चौघं त्याच ओळीत होते. त्यांनी तोंडं फिरवली नाहीत, माना तेवढ्या खाली घातल्या.

मी तूप घेऊन गेलो तेव्हा गुरुजी त्या पाच पाठींकडे बघत जेवत होते.

"आजपर्यंत कुणी आलं की आम्ही बाजूला वळायचं," ते हळू आवाजात म्हणाले. "माझ्यासाठी दुसरं कुणी वळलेलं आज पहिल्यांदाच पाहिलं."

मला त्यांची क्षमा मागावीशी वाटली, पण मी त्यांना आणखी तूप वाढलं. त्यांनीच विषय बदलला.

"माझ्या सात लिहा," ते म्हणाले. "पुऱ्या."

वहीत त्या लिहिलेल्या आहेत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात परभणीहून कल्हईवाला आला. भांडी दोन महिने आमच्या घरी होती म्हणून ह्या वर्षी कल्हई लवकर करून घ्यावी, असं पंचांचं म्हणणं पडलं. पंधरा वर्षं ती आमच्याच घरी होती हे मी कुणाला सांगितलं नाही. सव्वा रुपया दंड मी भांड्यांच्या खात्यात भरला. खातं माझ्याकडेच असल्यामुळे देणारा मी, घेणारा मी, आणि पावतीवर दोन्ही जागी माझीच सही आहे. त्या खात्यातून कल्हईवाल्याला साडेअठरा रुपये दिले. सव्वा रुपया त्यात गेला. पाकिटात एकोणपन्नास रुपये पंचाहत्तर पैसे उरले होते. बहीण पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा ते तिच्या हातात दिले.